क्युसेक, विसर्ग आणि दुतोंड्या मारुती

पावसाळ्यात गोदावरी चढू लागली की नाशिकमध्ये एकच विचारणा सुरू होते: पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं? रामकुंडाजवळ नदीच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती हे नाशिककरांचं पूरमापक आहे. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, की पंचवटीतल्या किंवा सराफ बाजारातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. कुठली गाडी हलवायची, दुकानातला कुठला माल वरच्या फळीवर टाकायचा, हे तो जाणतो. त्याच वेळी त्याच्या मोबाइलवर दुसरी एक सूचना येऊन पडलेली असते: धरणातून इतक्या हजार क्युसेकने विसर्ग सुरू, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. ती तो वाचतो आणि पुन्हा शेजाऱ्याला विचारतो, पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं?

2021 मध्ये एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या केंद्रीय परिषदेने, प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली, तेव्हापासून शास्त्रीय शब्दांवरचा आपला जुना वाद पुन्हा पेटला आहे. एक बाजू म्हणते, मराठी प्रतिशब्द घडवल्याशिवाय मराठी ज्ञानभाषा होणार नाही. दुसरी म्हणते, असले जडजंबाल शब्द कुणाला कळतात, सरळ इंग्रजी शब्द वापरा आणि मोकळे व्हा. 'प्रतिबल' की 'स्ट्रेस', यावर तासन्‌तास बोलणारी माणसं मी पाहिली आहेत. पण वरची सूचना पुन्हा वाचा. 'विसर्ग' (धरणातून सोडलेलं पाणी) हा शब्द एका बाजूला हवा तसा शुद्ध आहे, 'क्युसेक' (सेकंदाला एक घनफूट पाणी) दुसऱ्या बाजूला हवा तसा थेट उचललेला आहे. दोन्ही एकाच वाक्यात शेजारी बसले आहेत आणि दोघांपैकी एकही नदीकाठच्या माणसापर्यंत पोचत नाही. म्हणूनच मला हा वाद चुकीच्या जागी चाललेला वाटतो. शब्द कुठल्या भाषेतून आला हा प्रश्न दुय्यम आहे. तो ज्याच्यासाठी वापरला त्याला रोजच्या वस्तूंच्या आधाराने समजावून दिला का, आणि ते कुणाचं काम होतं, हा खरा प्रश्न आहे. माझं म्हणणं असं की, हे समजावणं म्हणजे तज्ज्ञाने फावल्या वेळात केलेला उपकार नव्हे. शब्द वापरण्याच्या जबाबदारीचाच तो भाग आहे.

मी पॉलिटेक्निकमध्ये स्थापत्य शिकवते. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाला मी तोंडी परीक्षेत विचारलं, स्ट्रेस म्हणजे काय? त्याने क्षणात उत्तर दिलं, फोर्स पर युनिट एरिया. मराठीत सांग म्हटल्यावर तेही आलं: एकक क्षेत्रफळावरील बल. दोन्ही उत्तरं बरोबर, दोन्हींना पूर्ण गुण. मग मी विचारलं, तुझ्या घरी विहीर आहे ना, तीन पदरांच्या दोराने मोटर खाली सोडताना एक पदर तुटला तर काय होईल? तो म्हणाला, "दोर तुटेल, मॅडम." लगेच? थोडा थांबला. "लगेच नाही. उरलेल्या दोन पदरांवर सगळं येईल." म्हणजे एकेकावर किती? त्याने बोटांवर मोजलं. आधी प्रत्येकावर एक तृतीयांश, आता निम्मं. "दीडपट, मॅडम." मोटरचं वजन वाढलं का? "नाही, ते तेवढंच आहे." मग वाढलं काय? त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याच्यासाठीच मी हा व्यवसाय करते. वजन तेच राहूनही दोराच्या प्रत्येक धाग्यावरचा भार वाढू शकतो, हे त्याने दीड वर्ष पाठ केलेल्या व्याख्येतून नव्हे, तर दोराच्या पदरातून ओळखलं. त्यानंतर तो त्याला स्ट्रेस म्हणाला काय किंवा प्रतिबल म्हणाला काय, मला फरक पडत नव्हता.

प्रतिशब्दांच्या बाजूने बोलणाऱ्यांचं एक म्हणणं मात्र मी मनापासून मान्य करते. चांगला शब्द निम्मं काम स्वतःच करतो. 'गुरुत्वाकर्षण' ऐकताच जडपणा आणि ओढ दोन्ही कानात येतात. 'तापमान', 'अपवर्तन', 'तरफ', 'कप्पी' हे शब्द शाळेत कुणालाही अडले नाहीत. बांधकामावर गेलात तर गवंड्याच्या तोंडी ओळंबा आणि गुण्या असतो, फिटरच्या तोंडी आटे आणि पाचर असते. हे शब्द कुठल्या समितीने दिलेले नाहीत आणि काटेकोरपणात कुठे कमी पडत नाहीत. इंग्रजीच्या बाजूचं म्हणणंही खरं आहे. माझ्या विद्यार्थ्याला उद्या कंपनीत ड्रॉइंग वाचायचं आहे, मानकं वाचायची आहेत. त्याला 'स्ट्रेस' हा शब्द माहीत नसेल तर मी त्याचं नुकसान केलं. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत. मग वाद का संपत नाही? कारण शब्द पारदर्शक असला की अर्थ आपोआप पोचतो, असं दोघीही गृहीत धरतात. एकीला मराठी शब्द पारदर्शक वाटतो, दुसरीला ओळखीचा इंग्रजी.

हे गृहीतक इतिहासात टिकत नाही. त्रिकोणमितीतला 'साइन' घ्या. आपल्याकडे धनुष्याच्या दोरीवरून त्याला 'ज्या' म्हणत. शाळेत वर्तुळाची 'जीवा' शिकतो ती याच कुटुंबातली. हा शब्द अरबीत 'जिबा' असा गेला, तिथे लिपीत स्वर न लिहिण्याच्या पद्धतीमुळे तो 'जैब' असा वाचला गेला. जैब म्हणजे कपड्याची उराशी असलेली घडी. हिंदीतली 'जेब' तिथूनच आली. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी त्या घडीचा लॅटिन शब्द घातला, सायनस. आज जगभरची मुलं जो शब्द वापरून पूल बांधतात, उपग्रह सोडतात, त्याचा शब्दशः अर्थ कपड्याची घडी असा आहे आणि तोही चुकून. कुणाचं काही अडलं का? शब्द अपारदर्शक असणं हा अडथळाच असता तर त्रिकोणमिती तिथेच बुडाली असती.

आपल्या गावातला पुरावा याहून जवळचा आहे. सकाळी दूध संकलन केंद्रावर उभे राहा. चौथीपर्यंत शिकलेली बाई चिठ्ठी हातात घेऊन भांडत असते: कालपर्यंत फॅट 3.8 लागत होतं, आज 3.4 कसं? एसएनएफ 8.5च्या खाली कसा आला? एसएनएफ म्हणजे स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, पण या अक्षरांचं पूर्ण रूप तिला विचारू नका, त्याची गरज नाही. दुधात पाणी पडलं की हा आकडा उतरतो, चारा बदलला की तो आकडा हलतो आणि तेवढ्यावर आपला दर ठरतो, हे तिला पक्कं ठाऊक आहे. समजणं याहून वेगळं काय असतं? तिच्याच घरचा पुरुष ऊस घालतो आणि 'साखर उतारा' या अस्सल मराठी शब्दावर तितक्याच अधिकाराने बोलतो, कारण एफआरपीचं, म्हणजे उसाच्या सरकारने ठरवलेल्या किमान दराचं, गणित 10.25 टक्के उताऱ्याशी, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाशी, जोडलेलं आहे. एकच घर, एक शब्द इंग्रजी आद्याक्षरांचा, दुसरा मराठी. दोन्ही जिवंत आहेत. त्यांना जिवंत कुठल्या कोशाने ठेवलेलं नाही. रोजच्या चिठ्ठीने, रोजच्या हिशेबाने आणि रोजच्या भांडणाने ठेवलं आहे. लोकांना समजून घ्यायचंच नसतं, असं म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांनी एकदा त्या केंद्रावर पहाटे जाऊन यावं.

आता माझ्या विरोधातला सर्वांत भक्कम मुद्दा. सोपं करून सांगणं म्हणजे पुष्कळदा खोटं सांगणं असतं, असं माझे काही सहकारी म्हणतात, आणि त्यांच्याजवळ पुरावे आहेत. मीच एक देते. बांधकामावर सगळे म्हणतात, स्लॅब वाळला. वाळायला हवा म्हणून उन्हात तसाच ठेवतात, वर 'पाणी मारणं' हे गारवा देण्यासारखं काहीतरी समजून दोन दिवसांत बंद करतात. मुळात काँक्रीट वाळून कडक होत नाही. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होऊन ते कडक होतं आणि ती क्रिया चालू राहायला पाणी लागतं. 'वाळणं' हा साधा, घरगुती, सगळ्यांना कळणारा शब्द आहे आणि त्याच शब्दामुळे घरं कमकुवत झाली आहेत. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' हाही तसलाच. ऐकणाऱ्याला वाटतं, एकदा येऊन गेला, आता नातवंडांच्या काळापर्यंत निर्धास्त. अभियंत्याच्या मनात मात्र असतं ते हे की, असा पूर कुठल्याही एका वर्षी येण्याची शक्यता 1 टक्का आहे. ती दरवर्षी नव्याने 1 टक्का असते, गेल्या वर्षी काय झालं याची नदी नोंद ठेवत नाही. तीस वर्षांच्या गृहकर्जावर नदीकाठी घर घेतलं तर त्या काळात तो पूर किमान एकदा दारात येण्याची शक्यता साधारण 26 टक्के, म्हणजे चारात एक. सांगलीने 2005, 2019 आणि 2021 अशा सोळा वर्षांत तीन मोठे पूर पाहिले. तिथल्या माणसाला 'शंभर वर्षांतून एकदा' ऐकवून काय मिळणार? त्याचा विज्ञानावरचा विश्वास तेवढा जातो.

हे सगळं मी मान्य करते. पण यातून 'समजावू नका' असा निष्कर्ष निघतो की 'नीट समजावा' असा? 'वाळणं' चुकीचं आहे म्हणून मी गवंड्याला 'हायड्रेशन' किंवा 'जलसंयोजन' देऊन मोकळी होणार नाही. मी त्याला सांगते, स्लॅब वाळत नसतो, शिजत असतो. भात शिजताना मध्येच पाणी आटलं तर काय होतं? दाणा आत कच्चा राहतो, मग वरून कितीही वाफ द्या. काँक्रीटही असंच आतून शिजत असतं. भारतीय मानक सांगतं, साध्या सिमेंटला किमान 7 दिवस ओल धरून ठेवा, राखेचं मिश्र सिमेंट असेल किंवा कडक कोरडं ऊन असेल तर किमान 10 दिवस. आणि याच्याच जोडीला मी हेही सांगते की भाताची उपमा इथेच सोडायची: भात जास्त शिजला तर मऊ होतो, काँक्रीट मात्र जितके जास्त दिवस ओलं राहील तितकं कडकच होत जातं. उपमा कुठे संपते ते उपमा देणाऱ्यानेच सांगायचं असतं. वीज पाण्यासारखी वाहते असं शिकवलं, तर तुटलेल्या नळातून पाणी गळतं तशी तुटलेल्या तारेतून वीज गळून जात नाही, हेही त्याच तासाला शिकवलं पाहिजे. ही शिस्त पाळली तर सोप्या भाषेवरचा खोटेपणाचा आरोप उरत नाही.

रोजच्या वस्तू आणि काटेकोरपणा यांचं वैर आहे हा समज तर आपल्या भूमीत तरी शोभत नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी लीलावतीत काटकोन त्रिकोणाचं गणित घातलं ते मोर आणि साप घेऊन. 9 हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या तळाशी सापाचं बीळ आहे, साप बिळापासून 27 हातांवरून बिळाकडे येतो आहे. मोर तिरपी झेप घेतो, दोघंही सारखंच अंतर कापतात. भेट बिळापासून किती हातांवर? उत्तर 12 हात, साडेअकरा नाही की अंदाजे बारा नाही. खरा मोर अशा सरळ रेषेत उडत नाही, हे त्यांना माहीत नसेल असं कोण म्हणेल? तरी त्या मोराने गणित एका केसानेही सैल केलेलं नाही. आज 'लोकांसाठी सोपं केलं की दर्जा घसरतो' असं म्हणणारा प्राध्यापक भास्कराचार्यांपेक्षा जास्त काटेकोर आहे का?

आणि जे म्हणतात, परिभाषा घडवणं आणि समजावणं ही दोन वेगळ्या जातीच्या माणसांची कामं, त्यांनी मायकेल फॅरडेकडे पाहावं. लोहाराचा मुलगा, पुस्तकं बांधणाऱ्याकडे उमेदवारी केलेला. विजेच्या रासायनिक परिणामांवर काम करताना जुने शब्द पुरेनात तेव्हा 1834 मध्ये त्याने केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल या विद्वानाला पत्र लिहून शब्द मागितले. अ‍ॅनोड, कॅथोड, आयन हे ग्रीकवरून घडवलेले शब्द त्या पत्रव्यवहारातून आले. लंडनच्या सामान्य माणसाला ते आपल्याला 'प्रतिबल' वाटतो तितकेच परके होते. पण हाच फॅरडे नाताळच्या सुट्टीत रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर एक साधी मेणबत्ती पेटवून उभा राहायचा आणि तिच्या ज्योतीतून ज्वलनाचं सगळं रसायनशास्त्र उलगडून दाखवायचा. परके शब्द घडवायला त्याने कमीपणा मानला नाही आणि मेणबत्ती हातात घ्यायलाही नाही. आपल्याकडे गेली साठ वर्षं परिभाषा कोश निघाले. काही फार कष्टाने, प्रेमाने केलेले आहेत आणि त्यांची टिंगल मला कधीच आवडली नाही. पण कोशातल्या प्रत्येक शब्दामागे एक मेणबत्ती पेटवायची राहून गेली. 'महापौर' आणि 'दिनांक' रुळले कारण ते रोज समोर आले. 'विसर्ग'ही रोज समोर येतो, फक्त त्याच्याबरोबर काही दाखवलं जात नाही.

मग धरणाच्या आकड्यांबरोबर काय दाखवायचं? काही वर्तमानपत्रं प्रयत्न करतात, पण पुष्कळदा चुकीच्या दिशेने. दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे 28 टँकर, असं छापतात. हिशेब बरोबर आहे, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर. वाचून छाती दडपते. पण त्या माणसाने करायचं काय? आश्चर्य वाटायला लावणं वेगळं आणि निर्णय घ्यायला मदत करणं वेगळं. त्यापेक्षा हे सांगा: टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी, ही टाकी आहे, क्युसेक हा नळ. साधारण साडेअकरा हजार क्युसेकचा नळ दिवसभर, चोवीस तास, चालू राहिला की एक टीएमसी पाणी होतं. एवढं एक वाक्य हातात आलं की वाचक स्वतः हिशेब करू लागतो. कोयनेची क्षमता 105.25 टीएमसी. समजा 95 भरलं आहे आणि आवक 58 हजार क्युसेक चालू आहे. म्हणजे दिवसाला पाच टीएमसी येतं, खाली काही सोडलं नाही तर दोन दिवसांत धरण भरेल. मग दरवाजे आजच थोडे का उघडले याचं कारण त्याला घरबसल्या उमगतं. धरण अजून भरलेलं नसताना पाणी का सोडता, असा दर पावसाळ्यात होणारा संताप अर्धा तरी ओसरेल. उरलेल्या अर्ध्या संतापाला चांगली, मुद्देसूद कारणं असतील आणि ती प्रशासनाला ऐकावी लागतील. समजावण्याचा हा दुसरा फायदा सगळ्यांनाच हवासा वाटतो असं नाही, हे मला ठाऊक आहे.

दुतोंड्या मारुतीचीही मर्यादा सांगायला हवी. तो आत्ता पाणी किती आहे ते सांगतो, चार तासांनी किती असेल ते सांगत नाही. ते फक्त क्युसेक सांगू शकतो, कारण तो आकडा पाणी शहरात पोचायच्या आधी धरणावर मोजलेला असतो. म्हणून क्युसेक काढून टाका असं मी म्हणतच नाही. आकडा हवाच, तोही अचूक हवा, तारीख-वेळेसह नोंदीत हवा. मला हवा आहे तो त्या आकड्यापासून मारुतीच्या कमरेपर्यंतचा पूल. तो पूल बांधण्याची माहिती कुणाकडे आहे? पूररेषा आखणाऱ्यांकडे, कित्येक वर्षांच्या विसर्गाच्या आणि पातळीच्या नोंदी ठेवणाऱ्यांकडे. सांगलीत आयर्विन पुलाजवळचे फूट आणि कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावरचे फूट सांगितले जातात, 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका हे कोल्हापूरकराला पाठ आहे, पाणी जामदार क्लबला लागलं म्हणजे काय हेही पाठ आहे. पुणेकराला मुठेवरचा भिडे पूल पुरतो. म्हणजे लोकांनी आपली खूण आधीच शोधून ठेवली आहे. तज्ज्ञाने फक्त आपला आकडा तिथपर्यंत आणून ठेवायचा आहे. एवढंही काम 'आमचं नाही' असं म्हणता येतं का? औषधाच्या चिठ्ठीवर नुसते मिलिग्रॅम लिहून डॉक्टर थांबत नाहीत, सकाळी एक आणि रात्री एक, जेवणानंतर, हेही लिहितात. तिथे कुणी म्हणत नाही की औषधशास्त्राचा दर्जा घसरला.

नदीकाठच्या एखाद्या गावासाठीची सूचना मी माझ्या विद्यार्थ्यांकडून वर्गात लिहून घेतली. आकडे आणि वेळा सरावापुरत्या धरलेल्या होत्या. पहिल्या मसुद्यात 'सतर्क' हा शब्द सगळ्यांनी लिहिला होता. तिसऱ्या मसुद्यात तो गेला आणि फळ्यावर उरलं ते असं: 'आज दुपारी 3 वाजता धरणातून 20 हजार क्युसेक पाणी सोडलं जाईल. रात्री 8 पर्यंत ते आपल्या घाटाच्या वरून तिसऱ्या पायरीला लागेल. पाऊस वाढला तर त्याहून वर येऊ शकतं, पुढची सूचना 6 वाजता. नदीतल्या मोटारी 5 च्या आत काढून घ्या. जनावरं खालच्या गोठ्यात बांधू नका.'